शेवाळ शेतीचं अनुदान: मराठवाड्यातून अर्ज करायचा का, कागदं काय लागतात

मागं गेवराईकडच्या बचत गटाच्या तीन बाया सेवा केंद्रावर आल्या, पिशवीत सातबारा, आठ अ, आधार सगळं नीट घडी घालून आणलेलं, म्हणल्या दादा शेवाळ शेतीचा फॉर्म भरा, शेततळं हाय आमचं. मोबाईलवर व्हिडिओ बघून असे बरेच जण विचारायलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

हे शेवाळ शेततळ्यात येत नाही. आपल्या देशात सगळ्यात जास्त लावतात ते कप्पाफायकस नावाचं समुद्री शेवाळ, त्याला समुद्राचं खारं अन् स्वच्छ पाणी लागतं, आपल्या बोअरचं पाणी कितीही मचूळ असू द्या, चालत नाही. १२ बाय १२ फुटाचा बांबूचा तराफा करतात, दोऱ्यांना शेवाळाचे तुकडे बांधतात, एका तराफ्याला साधारण ६० किलो बियाणं जातं अन् ४५ दिवसांत तोडणी. तमिळनाडूत रामनाथपुरमकडं बाया हेच काम करतात. आन टाकीत पिकवायचं स्पिरुलिना ते वेगळंच, दोन्हीला शेवाळच म्हणतात म्हणून घोळ होतो, त्यामुळं कोणी बियाण्याच्या नावाखाली आधी पैसे मागत असंल तर देऊ नका.

अनुदान आहे प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत. २०२० ला सुरू झालेली, २०२५-२६ पर्यंत वाढवलेली, म्हणून अर्ज चालू आहेत का ते आधी मत्स्यव्यवसाय ऑफिसला विचारून घ्या. एका तराफ्याचा खर्च १,५०० रुपये धरलाय, सर्वसाधारण गटाला त्याच्या ४० टक्के म्हणजे ६०० रुपये, महिला अन् अनुसूचित जाती-जमातीला ६० टक्के म्हणजे ९००. बाकीचे आपल्या खिशातले, हे बायांना आधीच सांगा, नाहीतर गटात भांडणं लागतात. मच्छीमार, मत्स्यशेतकरी, बचत गट, मच्छीमार संस्था, उद्योजक सगळे पात्र आहेत, पण जागा समुद्रातली असल्यामुळं काम किनाऱ्यावरच्या जिल्ह्यातल्या मत्स्यव्यवसाय ऑफिसातून चालतं. कोणाची लेक सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडं दिलेली असंल तर तिनं तिथल्या गटातून चौकशी करावी, राहायला बीडला अन् तराफा देवगडला असं करायचं असंल तर तिथल्या ऑफिसला विचारल्याशिवाय एक रुपया खर्चू नका.

आपल्या गेवराईच्या बायांना मी त्याच योजनेतलं गोड्या पाण्याचं काम सांगितलं. नवीन मत्स्यतळ्याला हेक्टरी ७ लाख खर्च धरलाय, अनुदानाची टक्केवारी तीच ४० अन् ६०, आणि अर्ज आपल्याच जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्याकडं. माझं मत विचाराल तर मराठवाड्यातल्या गटानं हेच करावं, फक्त उन्हाळ्यात तळ्यात पाणी टिकतं का ते इमानदारीनं बघून.

कागदं दोन्हीकडं जवळपास सारखीच: आधार, आधार लिंक असलेलं बँक पासबुक, जातीचा दाखला लागू असंल तर, गट असंल तर नोंदणी अन् ठराव, तळ्यासाठी सातबारा किंवा नोंदणी केलेला भाडेकरार, आणि प्रकल्प अहवाल. याच्या आधी राष्ट्रीय मत्स्य डिजिटल प्लॅटफॉर्मवर नोंदणी करून घ्या, ते पोर्टल सप्टेंबर २०२४ पासून चालू आहे.

अर्ज अडकतो तो नावावर. त्या तिघींतल्या एकीच्या आधारवर सुनिता होतं, पासबुकवर सुनीता, अन् सातबाऱ्यावर अजून माहेरचंच नाव. आधी बँकेत जाऊन पासबुक दुरुस्त केलं, मग तलाठ्याकडं, त्यात तीन आठवडे गेले, पण फॉर्म भरायच्या आधी केलं म्हणून बरं झालं, भरल्यावर निघालं असतं तर परत फाईल वापस.

अर्ज गेला की ऑफिसचे लोक जागा बघायला येतात, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं जातो. मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत खोदकाम सुरू करू नका, काम चालू असताना प्रत्येक टप्प्याला फोटो काढा, बिलं जीएसटी नंबरवाली अन् अर्जदाराच्याच नावाची घ्या. आणि अर्ज दिल्या दिवशीच शिक्का मारलेली पोच मागून घ्या, साहेब जेवायला गेलेत म्हणले तर बसून राहा पण ती घेतल्याशिवाय उठू नका.