उपाशीपोटी चालणे आणि जेवणानंतर चालणे: इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी खरा फरक कोणता?

‘शुगर असलेल्यांनी रिकाम्या पोटी फिरायला जाऊ नये, दोन घास खाऊन जावे,’ हा सल्ला नागपुरात अंबाझरीच्या काठापासून सेमिनरी हिल्सच्या चढापर्यंत कोणीही कोणालाही बिनदिक्कत देतो. त्याचाच जोडभाऊ म्हणजे रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली, जी सगळ्यांनाच मानवते असे गृहीत धरलेले असते. केवळ मेटफॉर्मिनसारख्या गोळीवर असलेल्या माणसाने जेवणानंतर चालावे हे योग्यच आहे, कारण जेवणानंतर चढणारी साखर त्याने आटोक्यात राहते आणि ती फार खाली जाण्याचा धोकाही नगण्य असतो. परंतु तोच सल्ला जसाच्या तसा इन्सुलिन घेणाऱ्याच्या गळ्यात बांधला जातो, आणि तेथे तो पुष्कळदा नेमका उलटा पडतो.

व्यायामाने साखर उतरते, रक्तात दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की तिला ‘लो’ म्हणतात, घाम, थरथर आणि धडधड ही तिची लक्षणे, हे इन्सुलिन घेणाऱ्या वाचकाला पाठ असते. गोंधळ होतो तो पोटात अन्न आहे की नाही या एकाच गोष्टीकडे पाहिल्यामुळे. पाहायचे असते ते वेगळेच: या घटकेला शरीरात जेवणाचे, म्हणजे जलद काम करणारे, इन्सुलिन किती शिल्लक आहे?

मधुमेह नसलेला माणूस चालू लागला की त्याचे स्वादुपिंड आपोआप इन्सुलिन कमी सोडते, यकृत साठवलेली साखर रक्तात ओतू लागते आणि स्नायू ती वापरतात. जमा आणि खर्च यांचा मेळ बसतो. टोचून घेतलेल्या इन्सुलिनला मात्र मागे बोलावता येत नाही. ते आपले काम करतच राहते, यकृताला साखर सोडू देत नाही, आणि दुसरीकडे काम करणारे स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर ओढून घेत असतात. शिवाय चालण्याने रक्ताभिसरण वाढले की टोचलेले औषध अधिक वेगाने रक्तात उतरते. जमा बंद आणि खर्च दुप्पट, अशी ही अवस्था जेवणानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत सर्वाधिक तीव्र असते, कारण अस्पार्ट, लिस्प्रो यांसारखी जलद इन्सुलिने साधारण एक ते तीन तासांच्या दरम्यान जोरावर येतात आणि त्यांचा परिणाम तीन ते पाच तास टिकतो.

आता एकाच माणसाच्या दोन फेऱ्या शेजारी शेजारी ठेवू. समजा त्याने रात्री साडेआठला अस्पार्ट घेऊन पोळी-भाजी, वरण-भात खाल्ला आणि साडेनऊला फुटाळा तलावावर पाऊण तास झपझप चालायला निघाला. निघताना साखर मोजायच्या मीटरवर १९० दिसतात. त्याला वाटते, भरपूर आहे, काळजी नको. प्रत्यक्षात त्याचे इन्सुलिन त्याच वेळी ऐन भरात आलेले असते, आणि परतताना तो ८०च्या घरात किंवा त्याहून खाली असू शकतो. तोच माणूस पहाटे साडेपाचला काही न खाता निघाला, तर मीटरवर १३० दिसतात आणि घरचे म्हणतात, चार बिस्किटे तरी खाऊन जा. पण रात्रीचे अस्पार्ट केव्हाच संपलेले असते, शरीरात फक्त ग्लार्जिनसारखे दिवसभर सपाट चालणारे पायाभूत इन्सुलिन असते, पहाटेची कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके साखर वर धरून ठेवतात आणि यकृताचे हात मोकळे असतात. त्याची साखर थोडी उतरेल, कदाचित आहे तेथेच राहील. म्हणजे १३० वर निघालेला माणूस १९० वर निघालेल्यापेक्षा सुरक्षित असू शकतो. मीटरचा आकडा त्या क्षणापुरताच असतो. तो कोणत्या दिशेला सरकणार हे शेवटचे जलद इन्सुलिन कधी घेतले त्यावरून ठरवावे लागते.

उलट उदाहरणही आपल्याच शहरात रोज पाहायला मिळते. सकाळी घरून निघतानाच नाश्त्याचे इन्सुलिन टोचायचे, तासभर फिरायचे आणि मग मित्रमंडळींसोबत ठेल्यावर तर्री पोहे खायचे, हा कित्येकांचा शिरस्ता आहे. येथे पोट रिकामे आहे आणि जलद इन्सुलिनही चालू आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. यापेक्षा वाईट क्रम मला सुचत नाही. इन्सुलिनचे पेन खिशात ठेवावे, फिरून यावे, पोहे समोर दिसू लागल्यावर टोचावे. तेव्हाही नेहमीचा डोस जास्त पडू शकतो, कारण चालण्यानंतर काही तास शरीर इन्सुलिनला अधिक प्रतिसाद देते.

याचा अर्थ जेवणानंतर चालूच नये असा नाही. जेवणानंतर चालायचे असेल तर त्याची तयारी इन्सुलिन घेण्याआधी करावी लागते, चालताना नव्हे. टाइप १ मधुमेहींच्या, म्हणजे ज्यांचे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही त्यांच्या, व्यायामाविषयी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१७ मध्ये जे एकमत मांडले, त्यात जेवणानंतर दोन तासांच्या आत मध्यम गतीने अर्धा तास व्यायाम करायचा असल्यास त्या जेवणाचे इन्सुलिन सुमारे ५० टक्के आणि तासभर करायचा असल्यास सुमारे ७५ टक्के कमी करावे असे सुचवले आहे. हळू चालीच्या अर्ध्या तासासाठी २५ टक्के. हे आकडे सुरुवातीचा अंदाज आहेत. टाइप २ मध्ये, विशेषतः वजन जास्त असल्यास, घट इतकी लागेलच असे नाही, त्यामुळे आपला आकडा डॉक्टरांशी बोलून आणि मीटरच्या स्ट्रिप खर्च करूनच ठरवावा. स्ट्रिप वाचवण्यासाठी अंदाजाने चालणारे लोक माझ्या समजुतीपलीकडचे आहेत. व्यायाम सुरू करताना साखर साधारण १२६ ते १८० च्या दरम्यान असावी, ९० च्या खाली असेल तर आधी १० ते २० ग्रॅम ग्लुकोज घ्यावे, आणि २७० च्या वर असेल व कारण कळत नसेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबीपासून बनणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासल्याशिवाय टाइप १ असलेल्याने व्यायाम करू नये.

सकाळच्या फेरीला माझी पसंती उघड आहे, पण तिला दोन मोठे अपवाद आहेत आणि ते आपल्याकडे फार सर्रास आढळतात. पहिला म्हणजे सकाळ-संध्याकाळ घ्यायचे ३०/७० मिक्स इन्सुलिन. त्यातला ७० टक्के भाग मध्यम गतीचा असतो, तो चार ते दहा तासांच्या दरम्यान जोर धरतो आणि संध्याकाळच्या डोसमधले त्याचे शेपूट सकाळपर्यंत रेंगाळते. म्हणून ‘सकाळी फक्त पायाभूत इन्सुलिन’ हे गणित या मंडळींना लागू होत नाही. सकाळच्या मिक्स डोसचा तोच भाग दुपारी भरात असतो, त्यामुळे चार वाजता क्रिकेट खेळायला उतरणाऱ्यालाही तो गाठतो. दुसरा अपवाद म्हणजे इन्सुलिनच्या जोडीला ग्लिमेपिराइडसारखी गोळी. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि तेव्हा रिकामे पोट खरोखरच जोखमीचे ठरते. याउपर, फक्त पायाभूत इन्सुलिन असताना साध्या सकाळच्या फेरीत साखर वारंवार ७० खाली जात असेल, तर बिस्किटे वाढवत बसू नये. बहुधा रात्रीचा डोसच जास्त आहे.

व्यायाम कोणता, हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. संथ आणि सलग हालचालीने साखर उतरते. जड वजने उचलणे किंवा जोरात धावणे यांनी अॅड्रेनालिन सुटून ती काही काळ चढूही शकते. जिममधून आल्यावर २२० पाहून घाईने पूर्ण डोस टोचणारा माणूस दोन तासांनी लो होतो. तासभर थांबावे, आणि द्यायचाच तर अर्धा डोस द्यावा.

नागपूरच्या उन्हाळ्याने या सगळ्यात आणखी एक खोच मारून ठेवली आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला आणि नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वाधिक तापणारे नऊ दिवस, लागला की सकाळी सातची फेरी करणारे रात्रीच्या जेवणानंतर निघू लागतात. माणूस तोच, वेग तोच, अंतर तेच, डोसही तोच. फक्त फेरी पायाभूत इन्सुलिनच्या वेळेतून जलद इन्सुलिनच्या वेळेत सरकली, आणि मग ‘उन्हाळ्यात माझी शुगर उगाच लो होते’ अशी तक्रार सुरू होते. गरम त्वचेतून इन्सुलिन लवकर शोषले जाते हे खरे, पण बदललेले घड्याळ त्याहून मोठे कारण आहे. त्यातून उकाड्याचा घाम आणि लो झाल्याचा घाम यांत फरक कळत नाही, म्हणून उन्हाळ्यात घामावर विसंबू नये.

रात्री फिरण्याचा हिशेब तेवढ्यावर संपत नाही. संध्याकाळच्या जोरदार व्यायामाचा परिणाम झोपेतही चालू राहतो, आणि साखर मध्यरात्रीनंतर उतरू शकते. अशा दिवशी झोपण्यापूर्वी तपासावे, नव्याने सुरुवात केली असेल तर एकदा दोन-तीनच्या सुमारास गजर लावून पाहावे, आणि रात्रीचे पायाभूत इन्सुलिन सुमारे २० टक्के कमी करण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. दंडावर साखर मोजणारा सेन्सर असेल तर तो रक्ताच्या काही मिनिटे मागे चालतो, आणि साखर वेगाने घसरत असताना ही तफावत वाढते हे ध्यानात ठेवावे.

राहिली खिशातली गोड वस्तू. संत्रा बर्फी आपला अभिमान असली तरी लो झाल्यावर ती कामाची नाही. तिच्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश शोषली जाते, आणि चॉकलेट, पेढा यांचेही तेच. थरथरत्या हातांनी संत्रे सोलत बसण्यातही अर्थ नाही. १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे पूड, पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि ७० च्या वर गेल्याशिवाय पुढे चालू नये. जे लोक जेवणासोबत व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी घेतात त्यांनी तर घरची साखरही चालवून घेऊ नये, कारण ती गोळी साखरेचे विघटनच रोखते. त्यांना शुद्ध ग्लुकोजच लागते.