मुलांमधलं डिहायड्रेशन आणि पाण्याचा हिशोब

शरीरातून जेवढं पाणी आणि क्षार बाहेर जातात तेवढे आत गेले नाहीत की डिहायड्रेशन होतं, मुलांमध्ये बहुतेक वेळा जुलाब-उलट्यांमुळे. नवजात बाळाच्या वजनाचा साधारण ७५ टक्के भाग पाणीच असतो, वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठा, किडन्या अजून कच्च्या, त्यात तहान लागली हे सांगता येत नाही, म्हणून मोठ्या माणसाला दोन दिवस चालून जातं ते बाळाला काही तासांत भारी पडतं.

किती पाणी गेलं हे ओळखायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे वजन. परवा १०.४ किलो भरलेलं मूल आज ९.८ भरलं तर ६०० ग्रॅम म्हणजे जवळजवळ ६०० मिली पाणी गेलं, साधारण ६ टक्के. अडचण एवढीच की आजारपणाआधीचं वजन कोणाकडे लिहिलेलं नसतं. मग मुलाकडेच बघायचं. चिडचिड करतंय, डोळे खोल गेलेत, पाणी दिलं की हावऱ्यासारखं पितंय, पोटावर चिमटा काढून सोडला तर कातडी सावकाश खाली बसते, यातल्या दोन खुणा दिसल्या तरी डिहायड्रेशन धरतात. चिमट्याची घडी २ सेकंदांपेक्षा जास्त वेळ तशीच राहिली आणि मूल मलूल पडलं किंवा पिणंच जमेना, तर ते गंभीर, म्हणजे ढोबळमानाने १० टक्क्यांच्या वर. पण चिमटा फसवतोही! कुपोषित मुलाची कातडी पाणी पुरेसं असूनही सैल असते, आणि गुबगुबीत बाळाची पाणी कमी झालं तरी पटकन बसते. लघवी किती वेळात झाली नाही हेही विचारायचं, फक्त डायपरमध्ये पातळ शी असली की ते कळत नाही.

उपचाराचा कणा म्हणजे ओआरएस, पाकिटातली साखर-मिठाची पूड पाण्यात विरघळवून प्यायला देतात ते. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं, जुलाब चालू असले तरी ही वाट बहुतेक वेळा शाबूत असते. म्हणूनच पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घालायचं, कमी घातलं तर मीठ जास्त होतं. कोल्ड्रिंक, गोड ज्यूस नकोच, त्यातली साखर आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढतात.

गंभीर नसलेल्या डिहायड्रेशनला जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे किलोमागे ७५ मिली, ४ तासांत. वरच्या ९.८ किलोच्या मुलाला ते ७३५ मिली होतं, ऐकायला खूप वाटतं, पण मिनिटाला ३ मिली म्हणजे दर दीड-पावणेदोन मिनिटाला ५ मिलीचा एक चमचा. इथेच घोळ होतो, तहानलेलं मूल ग्लास ओढतं, आपण देतो, ते भडभडून ओकतं आणि सगळे म्हणतात पोटात काही ठरतच नाही, सलाईन लावा. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा चमच्याने, आणखी हळू. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. ४ तासांनी पुन्हा तपासायचं, आकडा पूर्ण झाला म्हणून मूल सुधारलं असं नसतं.

गंभीर असेल तर थेट शिरेतून, एक वर्षाखालच्या बाळाला किलोमागे ३० मिली पहिल्या तासात आणि ७० मिली पुढच्या ५ तासांत, मोठ्या मुलांना तेच एकूण ३ तासांत, रिंगर लॅक्टेट नावाचं सलाईन असेल तर उत्तम. अतिकुपोषित मुलाला हे लागू नाही, त्याच्या हृदयाला इतकं पाणी झेपत नाही.

रोजची गरज वेगळी मोजतात. १९५७ सालचं हॉलिडे-सेगर सूत्र अजून चालतं: पहिल्या १० किलोंना किलोमागे १०० मिली, पुढच्या १० ना ५०, त्यावर २०. १४ किलोच्या मुलाला दिवसाला १२०० मिली. पण आजारी मुलाचं शरीर पाणी धरून ठेवतं, त्यात कमी मिठाचं सलाईन चालू राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरून मेंदूला सूज, झटके येऊ शकतात, म्हणून आता रक्ताइतक्या खारटपणाचं सलाईन देतात. उलट सोडियम आधीच खूप वाढलेलं असेल तर ते घाईने खाली आणणंही तितकंच धोक्याचं, तिथे भरपाई साधारण ४८ तासांवर पसरवतात.