टाकी फुल केली की गाडी रुसते: व्हॅक्यूम लीक की पर्ज व्हॉल्व्ह?

आयडलिंग वरखाली, सिग्नलला गाडी बंद पडू पाहते, स्कॅनरवर पी०१७१, म्हणजे मिक्स्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी). एवढ्यावर मॅनिफोल्डचं (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचं) पॅकिंग बदलायला घेणं ही घाई आहे. उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्हही (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप) हीच सगळी सोंगं करतो.

दोन्हीकडे थ्रॉटलला (हवेच्या मुख्य झडपेला) वळसा घालून हवा आत शिरते. व्हॅक्यूम लीकमध्ये ती चिरलेल्या पीसीव्ही पाइपमधून (क्रँककेसमधले वायू इंजिनात परत नेणारा पाइप), ब्रेक बूस्टरच्या होजमधून किंवा कडक झालेल्या पॅकिंगमधून येते. पर्ज व्हॉल्व्हमधून मात्र ती कोळशाच्या कॅनिस्टरमार्गे (वाफ धरून ठेवणाऱ्या डब्यातून), टाकीतली पेट्रोलची वाफ सोबत घेऊन येते.

म्हणून स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) पेट्रोल किती टक्के वाढवलं (अधिक) किंवा घटवलं (उणे) ते. लीक असेल तर आयडलिंगला तो अधिक १५-२० टक्क्यांच्या घरात ठाण मांडतो आणि २५०० आरपीएमला बराच खाली येतो. भोक तेवढंच, पण एकूण हवा वाढल्याने त्याचा वाटा घटतो. पर्ज व्हॉल्व्हचा ट्रिम एका जागी राहत नाही. पेट्रोल भरल्या भरल्या वाफ भरपूर, तेव्हा तो उणे जातो, सेल्फ लांबतो, पेट्रोलचा वास येतो. कॅनिस्टर रिकामा झाला की नुसती हवा येते आणि ट्रिम अधिक होतो. (मॅप सेन्सरवर, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजून चालणाऱ्या गाड्यांत लीक असला तरी ट्रिम फारसा हलत नाही, नुसतं आयडलिंग चढतं. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या याच प्रकारच्या.)

खरा निकाल बोट देतं. इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवा, व्हॉल्व्हचा कपलर (वायरचा जोड) काढा. गरम इंजिनवर ईसीयू स्वतःच व्हॉल्व्ह उघडतो, त्यामुळे कपलर न काढता तपासलं तर चांगला व्हॉल्व्हही खराब ठरेल. आता कॅनिस्टरकडचा पाइप सोडवून व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट धरा. बोट ओढलं गेलं तर व्हॉल्व्ह गेला. बोटाने तोंड बंद होताच आयडलिंगही सुधारायला हवं. काहीच ओढ नसेल तर लीक दुसरीकडे शोधा. गार इंजिनवर पास झालेला व्हॉल्व्ह गरम झाल्यावर अडकू शकतो, तेव्हा गरमच तपासा. कपलर काढल्याचा पी०४४३ (पर्ज व्हॉल्व्हच्या सर्किटचा कोड) आला तर नंतर पुसून टाका.

स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) इथे फसवते. धूर उघड्या व्हॉल्व्हमधून कॅनिस्टरकडे निघून जातो, बॉनेटखाली काहीच दिसत नाही आणि ‘लीक नाही’ असा शेरा मिळतो. कॅनिस्टरकडच्या पाइपाचं तोंड मोकळं ठेवूनच धूर सोडा.

जुना व्हॉल्व्ह पांढऱ्या कागदावर आपटा. काळे कण पडले तर कॅनिस्टरमधला कोळसा फुटलाय. पाइप साफ न करता आणि कॅनिस्टर न बदलता नवा व्हॉल्व्ह बसवलात, तर तेच कण त्याच्याही सीटवर जाऊन बसतील. कोळसा फुटण्याचं नेहमीचं कारण पंपावर सापडतं: ऑटो कट झाल्यावरही ‘राउंड फिगर करा’ म्हणून आणखी ओतलेलं पेट्रोल.