आसियान चषक म्हणजे आशियाई चषक नव्हे

कोलकात्याच्या ईस्ट बंगाल या फुटबॉल क्लबचा विषय निघाला की कुणीतरी हमखास लिहितं, ‘२००३ मध्ये आशियाई क्लब चषक जिंकणारा भारतीय संघ’. वर्ष बरोबर, संघ बरोबर, चषक चुकीचा. जकार्त्यात ईस्ट बंगालने जिंकला तो आसियान क्लब चषक. आशियाई क्लब विजेतेपद आजवर एकाही भारतीय क्लबला मिळालेलं नाही. प्रश्नमंजूषांमध्येसुद्धा हे चुकीचं उत्तर बरोबर धरलेलं पाहिलं, म्हणून एकदा सविस्तर लिहितो आहे.

घोळाचं मूळ उच्चारात आहे. ‘आसियान’ आणि ‘एशियन’ कानाला जवळजवळ सारखेच लागतात, आणि भाषांतराच्या घाईत एकाचं दुसरं होऊन बसतं. त्यामुळे माझा आग्रह असा, की अख्ख्या खंडाच्या स्पर्धेला ‘आशियाई’च म्हणावं, ‘एशियन’ लिहूच नये. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. आसियान हे आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेचं नाव; थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर, फिलिपिन्स ही त्यातली मंडळी. (आणि ‘दक्षिण-पूर्व आशिया’ तरी कशाला? त्या दिशेला मराठीत ‘आग्नेय’ हा नेटका शब्द आहे.)

आशियाई क्लब स्पर्धा बहुतेकांना ठाऊक असते. ती आशियाई फुटबॉल महासंघाची, म्हणजे एएफसीची. १९६७ मध्ये सुरू झाली, २००२-०३ पासून चँपियन्स लीग झाली, आता तिचं नाव चँपियन्स लीग एलीट. जपान, कोरिया, सौदी अरेबिया, इराण इथले बलाढ्य क्लब तिथे भिडतात. आसियान क्लब स्पर्धा मात्र आग्नेय आशियाच्या फुटबॉल महासंघाची, म्हणजे एएफएफची, शेजाऱ्याशेजाऱ्यांमधली. त्याच महासंघाची देशांच्या संघांसाठी वेगळी आसियान स्पर्धा आहे, १९९६ मध्ये टायगर चषक म्हणून सुरू झालेली. तिथे थायलंड किंवा व्हिएतनाम खेळतो, इथे थायलंडचा क्लब बुरीराम युनायटेड खेळतो. एवढं लक्षात ठेवलं की पुरे. प्रायोजक बदलला की दोन्हींची नावं बदलतात, त्यांच्या मागे लागू नये.

लोक खरे अडखळतात ते पुढच्या मुद्द्यावर. आसियान चषक ही आशियाई चषकाची आधीची फेरी आहे, तिथे जिंकलं की वरच्या स्पर्धेत प्रवेश मिळतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं काही नाही. या दोन स्पर्धांमध्ये जिनाच नाही. आशियाई स्पर्धेची जागा क्लबला सहसा स्वतःच्या देशातल्या लीगमधून किंवा चषकातून कमवावी लागते, आणि कोणत्या देशाला किती जागा हे एएफसी ठरवते. आसियान चषक उचलून कुणी आशियाई स्पर्धेत गेलेलं नाही.

ईस्ट बंगालचंच उदाहरण घ्या. भारत आसियानमध्ये नाही, एएफएफमध्येही नाही. ईस्ट बंगाल २००३ मध्ये निमंत्रित पाहुणा होता. पाहुण्याने करंडक नेला, पण त्यामुळे आशियाचं दार उघडलं नाही. पुढच्या वर्षी पहिला एएफसी चषक झाला, तो खंडाच्या दुसऱ्या पायरीवरचा. त्यात ईस्ट बंगाल होता, पण राष्ट्रीय लीग जिंकल्यामुळे. सोबत मुंबईचा महिंद्रा युनायटेड होता, तो फेडरेशन चषकामुळे. जकार्त्याचा विजय या हिशेबात कुठेही धरला गेला नाही.

आता समोरच्या बाजूने बघा. अंतिम सामन्यात ईस्ट बंगालसमोर होता बँकॉकचा बीईसी टेरो सासाना. हा क्लब त्याच हंगामात आशियाई चँपियन्स लीगही खेळत होता, आणि जुलैमध्ये जकार्त्याला आला तेव्हा त्या लीगची अंतिम फेरी त्याने आधीच गाठलेली होती. ऑक्टोबरमध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या अल ऐनविरुद्ध अंतिम फेरीच्या दोन लढती झाल्या. टेरो पहिली ०-२ हरला, परतीची १-० जिंकला, आणि एका गोलाने आशियाई विजेतेपद हुकलं. एकाच वर्षात एकच क्लब दोन वेगळ्या स्पर्धांत उपविजेता. आसियान आणि आशियाई एकच असते तर हे घडलंच नसतं. कुणी वाद घातला की मी हाच दाखला पुढे करतो.

मधली बरीच वर्षं आसियान क्लब चषक बंद होता. २०२४-२५ मध्ये तो पुन्हा सुरू झाला आणि बुरीरामने जिंकला. हनोईच्या काँग आन हनोईविरुद्ध दोन्ही लढती बरोबरीत सुटल्यावर पेनल्टींवर. त्याच हंगामात हाच बुरीराम आशियाई स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत जेद्दाच्या अल अहलीकडून ०-३ हरला होता. इथे राजा, तिथे शेवटच्या आठांत गारद.

भारतीय क्लबांचा खरा आशियाई इतिहास फार लहान आहे, आणि तोही नीट सांगितला जात नाही. चँपियन्स लीगच्या गटसाखळीत पोहोचलेला पहिला भारतीय क्लब एफसी गोवा, २०२१ मध्ये. तिथला पहिला विजय मुंबई सिटीचा: एप्रिल २०२२, रियाध, इराकच्या एअर फोर्स क्लबवर २-१. मुंबईच्या त्या विजयाला ‘आशियाई’ म्हणणं अगदी रास्त आहे. ईस्ट बंगालच्या करंडकाला तसं म्हणणं चूक.

पण म्हणून तो करंडक लहान ठरत नाही. कोणत्याही भारतीय क्लबची परदेशातली सर्वांत मोठी कामगिरी मी तीच मानतो. गटात टेरोने ईस्ट बंगालला १-० हरवलं होतं. पुढच्या सामन्यात बायचुंग भुतियाने फिलिपिन्सच्या लष्करी संघावर सहाच्या सहा गोल एकट्याने मारले. मग यजमान इंडोनेशियाचे दोन क्लब ओळीने समोर आले. पर्सिता तांगेरांगला २-१ हरवलं, पेट्रोकिमिया पुत्राला १-१ बरोबरीनंतर पेनल्टींवर. आणि २६ जुलैला पुन्हा तोच टेरो. प्रशिक्षक सुभाष भौमिक यांच्या संघाने या वेळी ३-१ असा हिशेब चुकता केला. नायजेरियाचा माइक ओकोरो, भुतिया आणि गोव्याचा अल्विटो डिकुन्हा, तिघांचा एकेक गोल. आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या संघाला एका भारतीय क्लबने परक्या मैदानावर हरवलं होतं.