बंद केलेल्या तेलविहिरीतून मिथेन का गळतो?

स्वयंपाकघरातल्या पाइप गॅसला जो वास येतो, तो मिथेनचा नसतो. गळती नाकाला कळावी म्हणून गंधद्रव्य मुद्दाम मिसळलेलं असतं. विहिरीच्या तोंडाशी ते मिसळलेलं नसतं. त्यामुळे तिथली बारीक गळती वर्षानुवर्षं चालू राहते आणि कोणाला पत्ता लागत नाही. मिथेन हवेत साधारण १२ वर्षंच टिकतो हे खरं, पण २० वर्षांचा हिशेब मांडला तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त तापमानवाढ घडवतो.

पुण्याजवळ तेलविहिरी नाहीत. पाषाणची आयआयटीएम ही हवामानसंशोधन संस्था सिंहगडावर हवेचे नमुने घेऊन त्यातला मिथेन मोजत आली आहे. पावसाळ्यात समुद्रावरची हवा येते तेव्हा तो उतरतो, हिवाळ्यात चढतो. पण दहा लाख भागांत दोनच्या आसपास असलेल्या या आकड्यावरून एखादी गळकी विहीर सापडणार नाही. त्यासाठी तिच्या तोंडाशीच जावं लागतं.

सोसायटीच्या बोअरला वरच्या मातीपुरती केसिंग, म्हणजे भोकाला आधार देणारा पाइप, टाकतात, खाली उघडा काळा दगड. तेलविहिरीत तसं भागत नाही. एकात एक अशा पोलादी केसिंग उतरवतात आणि केसिंग व खडक यांच्यामधल्या वर्तुळाकार फटीत सिमेंटची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट, खालून वर चढवतात. गळतीचं मूळ बहुतेक वेळा या फटीत असतं, तेलाच्या मुख्य नळीत नव्हे.

पातळ स्लरी पाण्याच्या पावणेदोन ते दोन पट जड असते आणि आपल्या वजनाने खडकातला वायू दाबून धरते. सेट होऊ लागली की ती भिंतींना चिकटून स्वतःचा भार स्वतःच पेलते. मग तळावरचा दाब घटतो, पण सिमेंट अजून कडक झालेलं नसतं. नेमक्या याच वेळात वायू आत शिरतो आणि वरपर्यंत वाट पाडतो. केसिंग एका बाजूला टेकली असेल, तर अरुंद बाजूचा ड्रिलिंगचा चिखल (विहीर खोदताना भोकात भरलेला दाट द्रव) हलतच नाही आणि सिमेंटऐवजी तिथे तोच राहतो. म्हणून केसिंगला भोकाच्या मधोमध धरणारे सेंट्रलायझर लावायचे असतात. दोन-चार वाचवले तर पुढे त्याची किंमत मोजावी लागते. सिमेंट चांगलं बसलं, तरी विहीर चालू-बंद होताना केसिंग फुगते-आकसते आणि केसाहून बारीक भेग सुटते. वायूला तेवढी पुरते.

पोलादही गंजतं. कॅलिफोर्नियातल्या अलिसो कॅन्यनची विहीर १९५० च्या दशकातली, मूळ तेलाची, नंतर वायूसाठ्यासाठी वापरलेली. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिची सात इंची केसिंग बाहेरून गंजून फुटली. फेब्रुवारी २०१६ पर्यंत सुमारे ९७,००० टन मिथेन हवेत गेला.

फटीतली गळती तपासण्याची रीत अगदी साधी आहे. बाहेरच्या केसिंगच्या व्हेंटला, म्हणजे फटीतला वायू बाहेर सोडणाऱ्या तोटीला, रबरी नळी जोडायची, तिचं टोक पाण्यात इंचभर बुडवायचं आणि किमान दहा मिनिटं बुडबुडे बघायचे. आले, तर मीटर लावून प्रवाह मोजायचा. व्हेंट कायमचा बंद करून टाकण्याचा मोह मात्र आवरावा: दाब वाढतो आणि वायू आडवा सरकून पिण्याच्या पाण्याच्या थरात शिरतो. जमिनीवरचे वॉल्व्ह, टाक्यांची झाकणं, विझलेली फ्लेअर (नको असलेला वायू जाळण्याची ज्योत) यांसाठी ३.३ मायक्रॉनच्या आसपासचं अवरक्त (इन्फ्रारेड) किरण पाहणारा कॅमेरा चालतो. सुट्या सांध्याला साबणाचं पाणीही पुरतं. सगळ्या गळत्या सारख्या नसतात. अमेरिकेतल्या मोजणीत सर्वांत मोठ्या ५ टक्के गळत्यांतून निम्म्याहून जास्त वायू जाताना दिसला. त्यामुळे एकेक नट आवळत बसण्याआधी मोठी भोकं शोधणं जास्त शहाणपणाचं.

दुरुस्तीत बहुतेकांची चूक खोलीची होते. वर येणारा वायू मुख्य साठ्यातलाच असेल असं नाही. वाटेतल्या एखाद्या पातळ, उथळ थरातलाही असतो. कार्बनच्या समस्थानिकांवरून (वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंच्या प्रमाणावरून) थर ओळखतात, आवाजाच्या आणि तापमानाच्या लॉगवरून, म्हणजे विहिरीत खोलीनुसार घेतलेल्या नोंदींवरून, प्रवाह कुठे सुरू होतो ते पाहतात. मग त्या थराच्या किंचित वर, जिथे खडक घट्ट आहे, तिथे केसिंगला छिद्रं पाडून दाबाने सिमेंट भरतात. भेग बारीक असेल तर साध्या सिमेंटचे कण तोंडाशीच अडकतात; तिथे अतिसूक्ष्म दळलेलं सिमेंट किंवा रेझिन लागतं.

विहीर कायमची बंद करायची, तर आधी आतली नळी काढून केसिंग घासून स्वच्छ करतात, कारण तेलकट पोलादाला सिमेंट धरत नाही. मग केसिंगच्या आत घट्ट बसणारं बूच, म्हणजे ब्रिज प्लग, बसवून त्यावर सिमेंट ओततात. अनेक देशांत किमान ३० मीटर. सेट झाल्यावर पाइपने वरून दाबून सिमेंटचं बूच जागेवर आहे का ते पाहतात आणि दाबाची चाचणी घेतात. व्हेंटमधून एकही बुडबुडा येत नाही याची खात्री झाल्यावरच केसिंग जमिनीखाली एक-दोन मीटरवर कापायची. वर पोलादी झाकण बसतं, पण ते हवाबंद वेल्ड करू नये. बारीक छिद्र ठेवलं तर पुढे गळती सुरू झाली तरी झाकणाखाली दाब साठत नाही, आणि वायू कुठून येतोय तेही शोधता येतं.