चुण्या का पडतात?

गाएताँ द क्लेरांबो (1872–1934) या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञावरचे कोणतेही लिखाण उघडा, सुरुवात हमखास त्याच्या आत्महत्येपासून होते आणि मग ‘बुरख्यातल्या बायकांचे फोटो काढणारा विक्षिप्त डॉक्टर’ हे पालुपद येते. विक्षिप्त असेलही. पण पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने मोरोक्कोत काढलेली छायाचित्रे नीट पाहिली, की लक्षात येते की तो बुरखा नाहीच. तो ‘हाईक’, म्हणजे न शिवलेले लांबरुंद कापड. चेहरा बहुधा झाकलेला. एका चित्रात आकृती पाठमोरी, दुसरीकडे हात कापडासकट वर उचललेला आणि कोपरापासून निघालेल्या चुण्या थेट टाचेपर्यंत. पांघरण्याच्या क्रियेचे टप्पे त्याने एकामागून एक टिपले. मोरोक्को तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता आणि या स्त्रियांना फोटोसाठी ‘नाही’ म्हणणे कितपत शक्य होते, हा प्रश्न उरतोच. तरीही भिंगातून त्याची नजर होती ती कापडावर.

कापडाचे हे वेड जुने. 1908 साली त्याने रेशीम चोरणाऱ्या काही स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना रेशीम अंगावर मिरवायचे नव्हते. त्याचा स्पर्श आणि सळसळ एवढेच हवे होते. पुढे पॅरिस पोलिसांच्या मनोरुग्ण कक्षात काम करताना त्याला भेटलेली 53 वर्षांची एक बाई वैद्यकात अजरामर झाली. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आपल्यावर प्रेम करतो, अशी तिची खात्री होती. बकिंगहॅम राजवाड्याच्या खिडकीतला पडदा हलला, तोही तिला राजाचा इशाराच वाटला. या भ्रमाला आज ‘क्लेरांबो सिंड्रोम’ म्हणतात. हल्ली एकतर्फी प्रेमाच्या प्रत्येक बातमीला हे नाव चिकटवतात, ते चूक. या आजारात ‘आधी तोच माझ्या प्रेमात पडला’ अशी रुग्णाची ठाम समजूत असते. अशा माणसाला वशीकरण उतरवणाऱ्या बाबाकडे नेण्यात महिने घालवू नयेत. हे काम मनोविकारतज्ज्ञाचे आहे.

आता चुण्यांकडे. 18 सेंटीमीटर व्यासाच्या तबकडीवर मधोमध 30 सेंटीमीटर व्यासाचे गोल कापड ठेवा. कापड कसे ‘पडते’ हे प्रयोगशाळेत साधारण असेच मोजतात. कापडाच्या कडेचा परीघ सुमारे 94 सेंटीमीटर. ही कड सरळ खाली उतरायची तर तिला तबकडीच्या साडेछप्पन्न सेंटीमीटर परिघात मावावे लागेल. उरलेले जवळजवळ 38 सेंटीमीटर जाणार कुठे? कड आत-बाहेर नागमोडी होते. चुणी म्हणजे हीच जास्तीच्या लांबीची सोय.

चुण्या किती पडणार, हे कापडाचे वजन आणि ताठपणा यांच्या ओढाताणीत ठरते. ताठ कापडाला मोजक्या, रुंद चुण्या. लवचिक कापडाला पुष्कळ आणि बारीक. आणि कापडाच्या लवचिकपणामागची खरी गंमत धाग्याच्या आत आहे. शंभर तंतूंचा धागा घ्या. तंतू एकमेकांवरून मोकळे घसरत असतील, तर तो वाकवायला एका तंतूच्या शंभरपट जोर लागतो. तेच तंतू वितळवून एकसंध काडी केली तर दहा हजारपट! कारण गोल काडीचा ताठपणा तिच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या वर्गाप्रमाणे वाढतो: क्षेत्रफळ शंभरपट, ताठपणा शंभराच्या वर्गाइतका. म्हणजे धागा त्याच जाडीच्या काडीपेक्षा शंभरपट मऊ, तेही पदार्थ तोच असताना. सुती साडीला खळ देतो तेव्हा आपण तंतूंचे हे घसरणेच बंद करतो. म्हणून खळीची साडी अंगावर उभी राहते आणि धुतली की पुन्हा लोळते.

पण मग कागदही पातळ असतो, तो खांद्यावर नीट का बसत नाही? 1827 साली जर्मन गणिती गाउसने सिद्ध केले की सपाट पृष्ठाची वक्रता (दोन मुख्य दिशांमधल्या वक्रतांचा गुणाकार) शून्य असते आणि न ताणता, न फाडता कितीही वाकवले तरी ती शून्यच राहते. खांद्याचा घुमट दोन्ही दिशांना वळलेला, त्यामुळे तिथे गुणाकार शून्य नाही. कागद तिथे चुरगळतो. विणलेले कापड मात्र पळवाट काढते. हातरुमाल कडेच्या दिशेने ओढून पाहा, फारसा लांबत नाही. आता तिरके समोरासमोर येणारे दोन कोपरे धरून ओढा, सहज लांबतो. उभ्या-आडव्या धाग्यांतला काटकोन तिरका होतो, चौकटीचा समभुज चौकोन होतो, धागे मात्र जवळजवळ तेवढेच राहतात. शिवणकामातले ‘उरेब’, म्हणजे धाग्यांना तिरके कापलेले, कापड अंगावर चपखल बसते ते यामुळेच.

क्लेरांबोने ही गणिते मांडली नाहीत. 1920च्या दशकात पॅरिसच्या कलाशाळेत तो कापडाच्या चुण्यांवर व्याख्याने देत असे आणि 1928 साली त्याने पांघरायच्या वस्त्रांचे वर्गीकरण सुचवले. रंग, नक्षी, जमात हे सगळे बाजूला. पहिला प्रश्न एकच, कापडाचा मुख्य आधार अंगावर कुठे आहे? त्यानंतर तिथून ते कोणत्या दिशेने फिरते, आणि शरीराचा कोणता भाग झाकते. या हिशेबाने रोमन टोग्याचा आधार डाव्या खांद्यावर, तर आपल्या नऊवारीचा कमरेच्या गाठीवर. पदर खांद्यावर असला तरी साडी पेलते ती गाठच, पदर सोडला म्हणून कासोटा सुटत नाही. आज संगणकावर कापड हलवणारे अभियंते ताण, तिरकेपणा आणि वाकणे या तिन्हींची समीकरणे सोडवतात, पण त्याआधी त्यांनाही सांगावेच लागते की कापडाचे कोणते बिंदू कुठे धरून ठेवले आहेत.