गंगीच्या पोटातलं बिऱ्हाड

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारी लग्न होतं, पंगती उठल्यावर दोन पातेली भात आणि चपात्यांचा ढीग उरला, अन्न टाकवत नाही म्हणून कुणीतरी मायेपोटी ते सगळं आमच्या गंगीच्या दावणीत आणून ओतलं. तिनेही आवडीने खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाय उठेचना. मान टाकलेली, डावी कूस फुगलेली, शेण पाण्यासारखं पातळ आणि त्याला आंबट वास, रवंथ पूर्ण बंद.

डॉक्टर आले, त्यांनी डाव्या कुशीवर मूठ दाबून धरली आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. चांगल्या गायीचं पोट आतून मिनिटाला एक-दोनदा मुठीला ढकलतं, गंगीचं ढकलतच नव्हतं. म्हणाले, "हिच्या पोटातले जिवाणू बिघडलेत, आधी ते बसवायला लागतील." तेव्हा मला काही कळलं नाही, पण नंतर मी या विषयाच्या मागेच लागलो आणि जे कळलं ते इतकं भारी आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गाय कडबा खाते हे आपण रोज बघतो, पण तो तिला स्वतःला पचतच नाही. कडब्याच्या काडीत सेल्युलोज असतं आणि ते तोडणारं एन्झाइम गायीचं शरीर बनवत नाही. ते काम तिच्या पहिल्या पोटात, ज्याला कोटीपोट म्हणतात, तिथे राहणारे जिवाणू करतात. मोठ्या गायीचं कोटीपोट म्हणजे १०० लिटरच्या वरची टाकी, आत ऑक्सिजन जवळपास नाही, तापमान कायम ३९ अंशाच्या आसपास, आणि त्यातल्या एक मिलिलिटर पाण्यात हजार कोटीच्या घरात जिवाणू! चमचाभर पाण्यातच जगातल्या माणसांपेक्षा जास्त जीव झाले. ते काडी कुजवतात, त्यातून जी फॅटी अ‍ॅसिड तयार होतात ती गायीच्या रक्तात जातात आणि गायीला लागणाऱ्या ताकदीतला साधारण ७० टक्के वाटा तिथून येतो. पुढे हेच जिवाणू वाहत वाहत चौथ्या पोटात जातात आणि तिथे गाय त्यांनाच पचवते, तिच्या प्रोटीनचा मोठा भाग तोच. म्हणजे दावणीतला कडबा आधी जिवाणू खातात आणि मग गाय जिवाणूंना खाते. (जाता जाता, गायीचा मिथेन वायू पण इथलाच, आणि तो बहुतेक ढेकरेतून बाहेर पडतो.)

मग भाताने काय बिघडलं? कडबा पचायला वेळ लागतो, भात-चपातीतला स्टार्च झटकन आंबतो. एवढा स्टार्च एकदम आला की तो खाणारे जिवाणू सुसाट वाढतात आणि लॅक्टिक अ‍ॅसिड बनवतात. हे अ‍ॅसिड तुमच्या घरात रोज तयार होतं, विरजण लावल्यावर दूध घट्ट होतं ते याच्यामुळेच. खरं तर दह्यातला एक जिवाणू आणि गायीच्या पोटात हा गोंधळ घालणारा मुख्य जिवाणू, दोघेही स्ट्रेप्टोकॉकस याच कुळातले. दह्याच्या सटात आंबटपणा हवाच असतो, पण कोटीपोटात आंबटपणा वाढला की काडी पचवणारे जिवाणू मरायला लागतात, पोट हलायचं थांबतं, अ‍ॅसिड रक्तात उतरतं आणि जनावर दगावतंसुद्धा. म्हणून उरलेलं जेवण, धान्य, पीठ जनावराला पोटभर घालू नका, कितीही प्रेमाने वाटलं तरी. चारा बदलायचा असेल तर आठ-पंधरा दिवस घेऊन हळूहळू बदला.

डॉक्टरांनी सलाईन लावलं, खाण्याचा सोडा पाजला आणि मग जे केलं ते बघून आम्ही सगळे गप्प झालो. आमच्याच दुसऱ्या गायीच्या पोटात नळी घालून हिरवट पाणी काढलं, फडक्यातून गाळलं आणि कोमट असतानाच नळीने गंगीच्या पोटात सोडलं. थोडक्यात पोटाला विरजण लावलं! तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गंगी रवंथ करायला लागली, आई तिच्या गळ्यात पडून रडली.

माणसातही हेच करतात हे वाचून तर मी थक्क झालो. जास्त अँटिबायोटिक झाल्यावर काही पेशंटच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि एक वाईट जिवाणू माजतो, जुलाब थांबतच नाहीत. नेदरलँड्समध्ये अशा पेशंटना निरोगी माणसाच्या विष्ठेचं गाळलेलं पाणी नळीने आतड्यात दिलं, २०१३ साली त्याचे निकाल छापून आले, १६ पैकी १३ जण एकाच वेळच्या उपचाराने बरे झाले. नुसतं अँटिबायोटिक दिलेल्या १३ जणांत फक्त ४. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण जीव वाचवणारी गोष्ट आहे ही.

आपल्या अंगात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात, वजन केलं तर २०० ग्रॅमच्या आसपास, बहुतेक मोठ्या आतड्यात. आईच्या दुधात तर अशा काही साखरी असतात ज्या बाळाला पचतच नाहीत, त्या बाळाच्या आतड्यातल्या बिफिडो जिवाणूंसाठी असतात! आई बाळासोबत त्यांनाही पाजत असते. आणि आपण काय करतो, पोराला सर्दी झाली की मेडिकलमधून मनानेच अँटिबायोटिक आणतो, सर्दी व्हायरसची असते, त्या गोळीने व्हायरस मरत नाही, मरतात ते हे बिचारे.

शेतातही हीच गत. भुईमूग, हरभरा, तूर यांच्या मुळावर गाठी येतात, त्यात रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात, ते हवेतला नायट्रोजन झाडाला देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. भरमसाट युरिया टाकला की झाड गाठी कमी करतं, कारण फुकट मिळतंय तर साखर कशाला खर्च करा. पेरताना १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं रायझोबियमचं पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून चोळतात, बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी लावून सुकू द्यायचं आणि हे सगळ्यात शेवटी. मग फुलं लागायच्या सुमारास एखादं रोप ओल्या मातीतून अलगद उपटायचं, मूळ धुवायचं आणि एक गाठ नखाने फोडायची. आत गुलाबी-लालसर दिसली तर समजा आतली मंडळी कामाला लागलीत.